वारा थांबला तेव्हा

आमच्या नागपूरला समुद्र नाही, आणि त्याचं आम्हाला कधी वाईटही वाटलं नाही. चारही बाजूंना जमीनच जमीन. पाणी पाहावंसं वाटलं तर तलावाच्या भिंतीवर जाऊन बसायचं आणि भाजलेलं कणीस खायचं. तिकडे बंगालच्या उपसागरावर वादळ उठलं, की आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच: भर डिसेंबरात आभाळ येणार, स्वेटरावर रेनकोट चढवावा लागणार, कोणाच्या तरी लग्नाचा मांडव भिजणार आणि चौकातल्या भजेवाल्याची चांदी होणार. टीव्हीवरची बाई किनाऱ्यावरच्या लोकांना ओरडून ओरडून सावध करत असते, तेव्हा आम्ही गरम भजी फुंकून खात असतो. मीही खाल्ली आहेत.

बाबांचा धंदा संत्र्यांचा. बागा आमच्या नाहीत. कळमन्याच्या बाजारात माल घ्यायचा, निवडायचा, क्रेटात भरायचा आणि बाहेरगावी पाठवायचा. थंडीत निघणारा पुष्कळसा माल आंध्रच्या किनाऱ्याकडे जातो. तिकडे ट्रक उतरवून घ्यायला आणि सगळा माल खपेपर्यंत तो सांभाळायला आपला माणूस लागतो. ते काम माझा धाकटा भाऊ करायचा. हिवाळा लागला की बॅग भरून निघायचा आणि समुद्राकाठच्या एका गावात खोली घेऊन राहायचा. तेलुगू त्याला बाजारापुरती यायची. "आकडे आणि शिव्या येतात ताई, बाकी हातवाऱ्यांनी भागते," म्हणायचा.

बाबा स्वतः कधी तिकडे गेले नाहीत. समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता. पण संत्र्याबद्दल त्यांचा एक नियम होता आणि तो आम्ही दोघं भावंडं कळायला लागल्यापासून ऐकत आलो होतो: भिजलेला माल झाकून ठेवायचा नाही. ताडपत्रीखाली पाणी शिरलं की आत वाफ कोंडते, एक फळ सडतं, मग त्याच्या शेजारचं, मग सगळा क्रेट. म्हणून वारा थांबला रे थांबला की आधी ताडपत्र्या उघडायच्या, चहापाणी नंतर.

आता हा वारा म्हणजे आमच्या इकडचा वारा. मे महिन्यात भर दुपारी पश्चिमेकडून धुळीची भिंत उठते. टिनं उडतात, लिंबाच्या फांद्या मोडून तारांवर पडतात, लाइट जातात, दारं धडाधडा आपटतात. याला आम्ही आंधी म्हणतो. ती जशी येते तशी जाते, आणि गेली की गल्लीतलं एकूण एक माणूस बाहेर पडतं. कोणी शेजाऱ्याच्या गच्चीवर गेलेलं आपलं टिन आणायला, कोणी कूलरचं झाकण शोधायला, कोणी कैऱ्या वेचायला. मोठी मजा असते. आंधी एकदाच येते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्या वर्षी डिसेंबरात समुद्रावर मोठं वादळ झालं आणि ते नेमकं भावाच्या गावाकडे निघालं.

माझं सीताबर्डीत साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आहे. लग्न होऊन मी माहेरापासून दोन गल्ल्या पलीकडे गेले, एवढाच काय तो माझा परदेश. त्या दिवशी दुकान बंद ठेवून मी सकाळपासून आईकडे येऊन बसले होते. आमच्याकडेही आभाळ गच्च भरलं होतं, बारीक पाऊस लागला होता आणि हाडात शिरेल अशी थंडी होती. टीव्हीवर उपग्रहाचं चित्र पुन्हा पुन्हा दाखवत होते. निळ्या पाण्यावर एक पांढरं चाक गरगर फिरत होतं आणि त्याच्या बरोबर मधोमध एक काळं भोक होतं. आई चष्मा वर करून म्हणाली, "पाह्य वं, जातं फिरून राहिलं जसं."

तसंच दिसत होतं. भोक म्हणजे जात्याचं तोंड. दिवसभर आम्ही ते भोक पाहत होतो.

भाऊ तसा सुखरूप होता. घरमालकिणीचं घर पक्कं, स्लॅबचं, जरा उंचावरचं. झोपड्यांमधल्या लोकांना सरकारी माणसांनी आदल्या दिवशीच शाळेत हलवलं होतं. मालकिणीने त्याला वरच्या खोलीतून सामानासकट खाली आपल्या घरात आणलं होतं, भात वाढला होता, आणि खिडक्यांना आतून फळ्या ठोकून घेतल्या होत्या. ती बाई त्याच्यावर जीव लावून होती. तिची मुलं लांब शहरांत. हा तिला बाजारातून भाजी आणून द्यायचा. माल मात्र थोड्या अंतरावर फळबाजाराच्या आवारात होता, भिंतीला लागून, टिनाच्या शेडखाली. ताडपत्र्या त्याने स्वतःच्या हाताने दोरांनी आवळून बांधल्या होत्या आणि त्याचा फोटोही बाबांना पाठवला होता.

दुपारी वारा सुरू झाला. त्याने फोन केला तेव्हा आम्हाला त्याचा आवाज ऐकूच येईना. मागे नुसता एक आवाज होता, रेल्वे अंगावरून जावी तसा, आणि तो थांबतच नव्हता. बाबा फोनमध्ये ओरडत होते, "बाहेर निंघू नको! आयकू येते का? बाहेर निंघू नको!" म्हणजे बाबांनी आधी बरोबरच सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण ते स्वतः हे कधी सांगत नाहीत.

मग बराच वेळ काही नाही. आई देवापुढे दिवा लावून बसली. मी उगाच कपाटातली भांडी काढून पुन्हा लावली. बाबा ओसरीत येरझारा घालत होते आणि मधूनच आत येऊन त्या फिरत्या चाकाकडे पाहत होते.

आणि मग व्हिडिओ कॉल आला. आम्ही तिघंही फोनवर तुटून पडलो. पडद्यावर त्याचा चेहरा होता, हसरा, आणि त्या चेहऱ्यावर ऊन होतं. आमच्याकडे दिवसा दिवे लावून बसायची पाळी, आणि त्याच्या अंगणात लख्ख ऊन.

"बाबा, थांबलं! एकदम थांबलं. पाहा." त्याने फोन वर धरला. निळं आभाळ दिसलं. अंगणात मोडलेल्या नारळाच्या झावळ्यांचा खच पडला होता, पण एक पान हलत नव्हतं.

आई रडायला लागली. मला इतकं हलकं वाटलं की मी त्याला लगेच चिडवलं, "दाढी तं कर, टीव्हीवाले येतीन तुझी मुलाखत घ्याले."

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "माल?"

"बांधून आहे. पण पाणी घुसलं असन बाबा. लय पाऊस झाला."

"मंग बसला काहून गा? जाय, ताडपत्र्या खोल. वाफ कोंडन तं सारा माल जाईन."

"हो, निंघतोच."

तेवढ्यात त्याच्या मागून मालकीण आली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई. तिने त्याची बाही धरली आणि मान जोरजोराने हलवायला लागली. काहीतरी भराभर बोलत होती. मग तिने मोकळ्या हाताचं बोट त्याच्या तोंडासमोर हवेत गोल गोल फिरवलं, एक मोठा गोल, पुन्हा एक, आणि त्या गोलाच्या मधोमध बोट टेकवून त्याच्या छातीवर आपटलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

आई डोळे पुसत म्हणाली, "नजर उतरवून राहिली वं माह्या पोराची. देव भलं करो तिचं." आणि आईने फोनसमोर हात जोडले.

आम्ही हसलो. सगळेच. भाऊही हसला. "हे काय म्हणून राहिली, मले नाही समजून राहिलं. बरं, जाऊन येतो," म्हणाला आणि फोन बंद झाला.

मी चहा टाकला. आलं घातलं, साखर जास्त घातली, कारण सगळ्यांच्या जिवात जीव आला होता. चहा पिताना टीव्हीकडे पाहिलं. चाक आता अर्धं जमिनीवर आलं होतं आणि ते काळं भोक बरोबर किनाऱ्याच्या रेषेवर होतं. मी ते पाहिलं. घोट घेतला आणि पुन्हा पाहिलं. मला त्यात काहीच दिसलं नाही.

त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. टॉवर पडला असेल, बॅटरी संपली असेल, सगळं आम्ही एकमेकांना सांगून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिकडच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. तो हिंदी बोलायचा. वारा परत आला, म्हणाला, उलट्या बाजूने, आणि पहिल्यापेक्षा जोरात. आवाराची भिंत शेडवर पडली. त्याने हे बाबांना सांगितलं. बाबा "हां, हां" म्हणत राहिले, जसा काही ट्रकचा नंबर लिहून घेत होते.

गाड्या बंद होत्या. सुरू झाल्या तशी पहिली गाडी धरून बाबा आणि मी निघालो. शेवटचा टप्पा रिक्षाने. दोन्हीकडे केळीच्या बागा जमिनीवर झोपलेल्या, नारळांची मुंडकी नाहीशी, विजेचे खांब रस्त्यावर आडवे. मेलेल्या जनावरांचा वास. एका वळणावर समुद्र दिसला, मातकट, आणि अगदी शांत. बाबांनी विचारलं, "हाच का?" मी म्हटलं, "हो." त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

बाजाराच्या आवारात गुडघाभर काळं पाणी होतं आणि त्यावर आमची संत्री तरंगत होती. नालीत, रस्त्यावर, पडलेल्या भिंतीच्या विटांमध्ये, सगळीकडे संत्रीच संत्री. एवढा उजळ रंग त्या गावात दुसऱ्या कशालाच उरला नव्हता. पुढची कित्येक वर्षं बाबांनी त्या फळाचा धंदा केला, पण तोंडात फोड घातलेली मी पाहिली नाही.

मालकिणीच्या घरी गेलो. ती ओट्यावर बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही. नुसतं बोट वर केलं आणि हवेत मोठा गोल काढला. मधोमध बोट टेकवलं. तेच, फोनमध्ये पाहिलेलं. तो हिंदीवाला व्यापारी आमच्याबरोबर होता. म्हणाला, "अम्मा कहती है, तूफान गोल होता है. बीच में हवा नहीं होती. बीच आया था, आधा बाकी था. अम्मा ने उसको बहुत पकड़ा."

बाबांनी हात जोडले. "अम्मा, उसको मैंने भेजा."

तिला हिंदी येत नव्हती. ती व्यापाऱ्याकडे पाहत राहिली, तो आता सांगेल म्हणून. त्याने सांगितलं नाही. खाली मान घालून चप्पल जमिनीवर घासत उभा राहिला. बाबा पुन्हा म्हणाले, "मैंने भेजा." 

भावाचे कपडे आम्हाला दिले त्यात त्या दिवशी त्याच्या अंगात असलेला शर्ट होता. जागोजागी फाटलेला. पण डावी बाही खांद्याच्या शिवणीपासून उसवलेली होती. भिंतीने फाटलेलं कापड वेगळं आणि माणसाने ओढून उसवलेली शिवण वेगळी; माझा जन्म सुईदोऱ्यात गेला आहे, मला ते दिसतं. त्या म्हातारीने जीव खाऊन ओढलं होतं. तो शर्ट माझ्याकडे आहे. ती बाही मी शिवलेली नाही, शिवणारही नाही.

घरी माणसं भेटायला यायची आणि म्हणायची, "होणारं कोणाले चुकते का?" मला त्या वाक्याची चीड आहे. होणारं वगैरे काही नव्हतं. तो पक्क्या घरात, खाऊन-पिऊन, दार लावून बसला होता. त्याने फक्त बसून राहायचं होतं. समुद्राचा मला राग येत नाही; समुद्राने काय, तो आपला आहे तिथे आहे. राग येतो तो आमच्या शहाणपणाचा. वारा एकदाच येतो, हे आमचं शहाणपण. फळ झाकून ठेवू नये, हेही शहाणपणच. आयुष्यभर उपयोगी पडलेल्या दोन गोष्टींनी मिळून आमचं पोरगं नेलं.

आई बाबांना एक शब्द बोलली नाही. फक्त कोणाच्या लेकराची नजर काढायची तिने सोडून दिली. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा मीच म्हटलं, "आई, मीठ-मोहऱ्या ओवाळ नं." तर म्हणाली, "मले नाही येत ते," आणि आत निघून गेली.

बाबांचं वेगळंच झालं. पुढच्या मे महिन्यात आंधी आली. मी माहेरीच होते. नेहमीसारखी धूळ, नेहमीसारखी आदळआपट, मग टपोरे थेंब आणि मग सगळं शांत. बाहेर ऊन पडलं. गल्लीत आरडाओरडा सुरू झाला, कैऱ्यांवरून भांडणं लागली. माझी मुलगी टोपली घेऊन दाराकडे धावली, आणि बाबा दाराला पाठ लावून उभे.

"थांब. बाहेर नाही जाचं."

मी म्हटलं, "बाबा, ही आंधी आहे. झाली, गेली."

"तुले काय मालूम?"

"जनमभर पाहून राहिलो न आपण बाबा! हे एकदाच येते." माझा आवाज चढला. मला त्यांच्यावर ओरडायचं नव्हतं, पण त्या दाराला टेकलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहवत नव्हतं.

"अर्धं बाकी असते," ते म्हणाले. त्यांनी कडी काढली नाही. बाहेरच्या कैऱ्या दुसऱ्या पोरांनी नेल्या, टिनं ज्याची त्याने उचलली, संध्याकाळ झाली, तरी ते तिथेच होते. तेव्हापासून दर आंधीला असंच असतं. गल्लीला सवय झाली आहे. मुलीलाही.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा समुद्रावर वादळ झालं. आमचा माल तिकडे जाणं केव्हाच बंद झालं आहे, पण बाजारातल्या दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा माणूस तिथे असतो. लग्न झालेला, तिशीतला, भावाचा जुना सोबती. गाव तेच नाही, पण किनारा तोच. टीव्हीवर ते पांढरं चाक दिसलं तसे बाबा बाजारात गेले आणि त्याचा नंबर घेऊन आले. त्याला फोन करून म्हणाले, "वारा सुरू असन तवा फोन नको करू. थांबला का कर. आधी मले कर, घरी मंग."

मला वाटलं, तो कशाला करतो. पण त्याने केला. दुपार टळायला आली होती, आमच्याकडे तसंच आभाळ आणि तशीच थंडी.

"काका, वारा पडला. इथं तं ऊन पडलं."

"मालूम आहे. पडते ऊन. तू बस."

"एक चक्कर मारून येतो ना, माल पाहून—"

"माल सडू दे. बस म्हणतो न तुले. जेवला का?"

आणि बाबा बोलायला लागले. चार शब्दांवर पाचवा न बोलणारे माझे बाबा. काय जेवला, भात कोणता, पोरगी किती मोठी झाली, दात आले का, यंदा कळमन्यात आवक कशी आहे, कोणाच्या बागेत गळ झाली, भिवापूरच्या मिरचीचा ठसका पहिल्यासारखा राहिला नाही. तो माणूस मधूनच फोन ठेवू पाहायचा, "काका, बॅटरी कमी आहे," म्हणायचा, आणि बाबा पुन्हा त्याला धरायचे. फोन स्पीकरवर होता. बाबांचा एक हात फोनवर होता आणि दुसऱ्या हाताने त्यांनी पलंगाच्या चादरीचं टोक घट्ट धरलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र तसंच राहू दिलं.

ते खरोखर मधलं भोक होतं, की नुसता वारा पडला होता, हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं. पण बाबा त्याला त्याच्या सासुरवाडीच्या पोपटाची गोष्ट तिसऱ्यांदा विचारत होते तेव्हा फोनमधून तो आवाज आला. आधी लांबून, मग एकदम जवळून, तोच, रेल्वेसारखा. पलीकडे दार आपटलं. तो माणूस ओरडला, "काका! परत आलं! उलट्या बाजूनं आलं, काका!"

"दार लाव," बाबा म्हणाले. "आता ठेव फोन."

दुसऱ्या दिवशी त्याचा सुखरूप असल्याचा फोन आला. तो रडत होता, काकांना द्या म्हणत होता. बाबांनी मानेने नाही म्हटलं, म्हणून मीच त्याच्याशी बोलले.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर बाबा कितीतरी वेळ त्या काळ्या पडद्याकडे पाहत बसले होते. आईने ताट वाढून पुढे ठेवलं. मी म्हटलं, "बाबा, वाचला तो. तुमच्यामुळं वाचला." मला वाटलं होतं, आतातरी त्यांना थोडं बरं वाटेल.

बाबांनी ताट बाजूला सारलं.

"एवढंच तं कराचं होतं," ते म्हणाले.